स्वप्न सांगायला कोणी आलं, तर चहा आधी घ्या

माझ्याकडे माणसं पहाटे येतात. नोकरीत होते तेव्हा कळा सुरू झालेल्या बाईचा नवरा दार वाजवायचा. आता स्वप्न पडलेल्या बाया वाजवतात. "बाई, सपनात दात पडला." "बाई, मेलेली सासू दारात उभी राहून भाकर मागे." "बाई, माह्याच घरी लगन होतं अन् मीच नवी साडी नेसून फिरत होती." पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्याकडे धरतात, म्हणून उजाडायच्या आत कुणाला तरी सांगून मोकळं व्हायचं असतं.

३१ वर्षं मी एएनएम, म्हणजे सरकारी नर्स-दाई होते, घाटंजी तालुक्यातल्या तीन उपकेंद्रांवर. नर्सिंग शिकले ते एका मिशन दवाखान्यात. तिथे संध्याकाळच्या प्रार्थनेला जुन्या करारातल्या गोष्टी वाचत. मला प्रार्थनेपेक्षा गोष्टी आवडायच्या, हे वॉर्डनबाईंनी ओळखलं होतं. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला पंडिता रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर दिलं. रमाबाईंनी ते थेट हिब्रू-ग्रीकवरून केलेलं. त्या १९२२ साली वारल्या, पुस्तक केडगावहून १९२४ मध्ये निघालं. धर्म बदल असं मला कोणी म्हटलं नाही, मी बदललाही नाही. घरात तुकडोजी महाराजांचा फोटो आहे आणि त्याच्याच खालच्या फळीवर ते पुस्तक.

गावातल्या दोन नव्या आशाताईंनी मागच्या महिन्यात विचारलं, "बाई, लोक आमालेबी सपनं सांगतेत, मंग काय बोलाव?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी तोंड पाहा. जुन्या करारातला योसेफ मिसरच्या राजाच्या, म्हणजे फारोच्या तुरुंगात होता. राजाला प्याला भरून देणारा प्यालेबरदार आणि राजाचा आचारी असे दोन कैदी त्याच्याकडे सोपवलेले. एका सकाळी योसेफानं त्यांना स्वप्न पडलं का असं नाही विचारलं. आज तुमची तोंडं का उतरली, एवढंच विचारलं. मीही आलेल्या बाईला ओट्यावर बसवते आणि बीपीचा पट्टा लावते. पट्टा लावला की माणूस दोन मिनिटं जागचं हलत नाही, बोलणंही जागेवर येतं. एकदा स्वप्न राहिलं बाजूला, बीपीच १७०/११० निघालं. तिला पहिल्या ऑटोनं दवाखान्यात पाठवली. ते स्वप्न काय होतं ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

मग पूर्ण ऐका. मध्येच "अवं माय!" करू नका. सांगणाऱ्याचं लक्ष लगेच तुमच्या चेहऱ्याकडे जातं, आणि पुढचं स्वप्न तुमच्या चेहऱ्याप्रमाणे बदलतं. योसेफाच्याच घरी हे बिघडलं होतं. सतरा वर्षांचं पोर, वावरातल्या भावांच्या पेंढ्या माझ्या पेंढीपुढे वाकल्या म्हणून त्याच भावांना सांगत सुटलं. मग सूर्य, चंद्र आणि अकरा ताऱ्यांचं. भाऊ भडकले. बाप रागावला, पण त्यानं ती गोष्ट मनात ठेवली असंही लिहिलेलं आहे. स्वप्न खोटं नव्हतं, सांगायची अक्कल नव्हती. भावांनी त्याला विहिरीत टाकलं, विकलं, आणि फारोपुढे उभा राहीपर्यंत तो तीस वर्षांचा झाला. तेरा वर्षांत सांगायचं कसं ते तो शिकला.

बसस्टँडवर स्वप्नफळाची पातळ पुस्तकं मिळतात, साप म्हणजे धन, दात म्हणजे मरण. ती घेऊ नका. हिब्रू गोष्टींत असा कोश लावून चालतच नाही. मिद्यानी छावणीतल्या एका शिपायाला सातूची भाकर गडगडत येऊन तंबू उलथवते असं दिसलं, आणि त्याचा सोबती म्हणाला, ही गिदोनाची तलवार. त्यांच्याशी लढायला आलेला इस्राएलाचा गिदोन त्या दोघांचं बोलणं अंधारात ऐकत होता, त्याला तेवढ्यावरच बळ आलं. तिकडे तुरुंगात आचाऱ्याच्या स्वप्नातही भाकरीच आहेत, आणि तिथे त्यांचा अर्थ फाशी. भाकर कोणाच्या डोक्यावर आहे आणि तो माणूस काय करतो आहे, ते पाहायचं.

मी ही दोन स्वप्नं शेजारी ठेवून पुष्कळदा वाचली. प्यालेबरदाराला तीन फांद्यांची द्राक्षवेल दिसते. त्याचे हात कामात आहेत: द्राक्षं घेतो, फारोच्या प्याल्यात पिळतो, प्याला फारोच्या हातात देतो. आचाऱ्याच्या डोक्यावर तीन टोपल्या आहेत, वरच्या टोपलीत फारोसाठी भाजलेलं नाना तऱ्हेचं पक्वान्न, आणि पाखरं ते खात आहेत. त्याचे हात कुठेच नाहीत. पदार्थ फारोपर्यंत पोचतच नाहीत. वावरात शिदोरी नेणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, टोपलीवर फडकं नसलं आणि हात धरायलाही वर गेला नाही, तर काय समजायचं. तिला योसेफाची गरज पडणार नाही.

म्हणून माझा प्रश्न ठरलेला आहे: सपनात तुहे हात काय करत होते?

दात पडलेल्या बाईला मी हेच विचारलं. ती म्हणाली, "पदरात लपवला, सुनेले दिसू नये म्हून." थोड्या वेळानं निघालं ते असं की सोयाबीनच्या बियाण्यासाठी तिनं आपली गळ्यातली पोत सावकाराकडे गहाण ठेवली होती आणि घरात कोणाला सांगितलं नव्हतं. त्या घरी कोणी मेलं नाही. सुनेला मात्र त्याच दिवशी सांगावं लागलं.

आता खरं बोलायचं तर दहातली नऊ स्वप्नं भुसा असतात. हा शब्द माझा नाही, जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याचा आहे. ज्याला स्वप्न पडलं त्यानं स्वप्न म्हणून सांगावं, पण गव्हाशी भुशाचा काय संबंध, असं तो विचारतो. जुन्या करारातल्याच उपदेशकाच्या पुस्तकात तर साफ आहे की कामाचा व्याप फार झाला की स्वप्नं पडतात. जूनमध्ये आमच्या अख्ख्या गावाला पाण्याची स्वप्नं पडतात, आणि पहिली पेरणी मोडून दुबार पेरणीला बियाणं नसलं तर जास्तच. अशा वेळी अर्थ शोधत बसायचं नाही. "हा भुसा हाय, उधळून दे, अन् वावरात जाय," म्हणायचं. काही बाया नाराज होतात, त्यांना काहीतरी मोठं हवं असतं. होऊ द्या.

चहाचं आता सांगते. खेड्यात चहा नाकारला तर माणूस दुखावतो, म्हणून मी घेते, पण स्वप्न ऐकायच्या आधी. स्वप्न सांगून झाल्यावर पाणीसुद्धा घेत नाही. बाबेलच्या बेलशस्सर राजाच्या मेजवानीत भिंतीवर हात उमटला आणि अक्षरं लिहून गेला, मने, मने, तकेल, ऊफारसीन. ती वाचायला राजानं दानीएल नावाच्या यहुदी शहाण्याला जांभळा पोशाख आणि सोन्याची साखळी देऊ केली. दानीएल आधी म्हणाला, तुझ्या देणग्या तुझ्याकडेच राहू दे, आणि मग वाचलं. ते शब्द वजनांच्या नावांवरून आहेत, माना, शेकेल, अर्धा. राजाला तराजूत घातलं आणि तो कमी भरला. कापसाची गाडी काट्यावर नेऊन कमी भरल्याचं ऐकून परत आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. काटा बघणाऱ्यानं ज्याचा चहा घेतला त्याचा काटा तो कसा सांगणार?

यहुदी पंडितांच्या तालमूदमध्ये बर हेद्या नावाचा एक स्वप्न सांगणारा आहे. पैसे देणाऱ्याला चांगला अर्थ, न देणाऱ्याला वाईट. अबाये आणि रावा या दोन पंडितांना स्वप्नं तीच पडायची, अबाये पैसे द्यायचा, रावा द्यायचा नाही. रावाला एकामागून एक वाईटच ऐकावं लागलं. त्याच ग्रंथात म्हटलं आहे की सगळी स्वप्नं तोंडामागे जातात, म्हणजे जसा अर्थ बोलाल तसं होतं. म्हणून तोंड सांभाळा. पैसे घेऊन अर्थ सांगणारा बर हेद्या आपल्याकडे प्रत्येक आठवडी बाजारात बसलेला असतो. योसेफ तर तुरुंगात म्हणाला होता, उलगडा करणं देवाकडे आहे. मी एवढं मोठं बोलत नाही. "मले जे समजलं ते सांगतो, चुकूबी शकतो," एवढं मात्र दर वेळी म्हणते.

इथपर्यंत सोपं आहे. अर्थ तर बऱ्याचदा स्वप्न पडलेल्यालाच ठाऊक असतो. अडतं ते तोंडावर सांगताना.

ज्यानं चूक केली आहे त्याला सांगायची रीत वेगळी, आणि ज्याच्यावर दुःख आलं आहे त्याला सांगायची वेगळी. पुष्कळ लोक इथेच घोटाळा करतात, चूक करणाऱ्याला थेट शिव्या आणि दुःखी माणसाला दृष्टांत. उलट करा.

इस्राएलाच्या दावीद राजानं आपल्या उरिया नावाच्या शिपायाची बायको बथशेबा घेतली आणि उरियाला लढाईत मरायला पाठवलं. नाथान संदेष्टा दरबारात गेला आणि एका गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगू लागला. एकच कोकरू, त्याच्या ताटातलं खाणारं, त्याच्या कुशीत झोपणारं. शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा आला, तर त्यानं स्वतःचा कळप राखला आणि हे कोकरू कापलं. दावीद संतापला, असा माणूस मेलाच पाहिजे, चौपट भरपाई दिली पाहिजे. नाथान म्हणाला, "तो मनुष्य तूच आहेस." निकाल राजानंच दिलेला. नाथानानं फक्त पत्ता सांगितला. आपल्या शेंडगावच्या गाडगेबाबांचंही कीर्तन असंच चालायचं, प्रश्न त्यांचा, उत्तर लोकांच्या तोंडून.

मी हे एकदाच वापरलं. एका घरच्या पोराला सिकलसेल होता, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार; नुसता वाहक नव्हे, आजारी. सोयरीक जमत होती आणि बाप मुलीकडच्यांना सांगत नव्हता. मला त्यांना जाऊन सांगता येत नव्हतं, पेशंटची गोष्ट पेशंटची. मी बापाकडे गेले आणि बैलबाजाराचं काढलं. म्हटलं, दादा, एकानं खोड लपवून बैल विकला, घेणाऱ्याची पेरणी बुडाली. तो उसळला, "असा माणूस त बाजारात पाय ठेवू देयाच्या लायकीचा नाई!" मी म्हटलं, "दादा, तो बयल तुमच्या गोठ्यात हाय." बराच वेळ तो बिडी धरून बसला, ओढली नाही. मग म्हटलं, मुलीची तपासणी करा. तिचं रक्त साधं निघालं तर लेकरं वाहक होतील, आजारी नाही. ती वाहक निघाली तर दर लेकरामागे निम्मी भीती. त्यानं जाऊन सांगितलं. सोयरीक मोडली. दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही.

दावीद आणि बथशेबाच्या एका मुलाचं नाव नाथान होतं. संदेष्ट्यावरूनच ठेवलं असं कुठे लिहिलेलं नाही, पण मला ते वाचून बरं वाटतं. आमच्या दादानं काही नातवाला माझं नाव दिलं नाही.

दुःखाची गोष्ट सांगायची असेल तर दानीएलाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय काढा. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाला आभाळाला टेकलेलं झाड दिसतं, ते तोडायचा हुकूम होतो, बुंधा तेवढा जमिनीत राहतो. दानीएलाला अर्थ कळतो आणि तो घटकाभर गप्प बसतो, घाबरतो. राजाच म्हणतो, घाबरू नकोस. मग दानीएल म्हणतो, महाराज, हे स्वप्न तुमच्या वैऱ्यांवर जावो. मग सरळ: ते झाड तुम्हीच. आणि शेवटी: न्यायानं वागा, गरिबांवर दया करा, म्हणजे कदाचित सुख लांबेल. गप्प बसणं, भलं चिंतणं, सरळ सांगणं, आणि काय करता येईल ते. यातलं पहिलं लोक गाळतात, शांतता सहन होत नाही म्हणून. शेवटचं गाळणं मात्र पाप आहे. योसेफसुद्धा फारोला सात दुबळ्या गाई म्हणजे सात वर्षं दुष्काळ असं सांगून थांबला नाही, सुकाळात पिकाचा पाचवा हिस्सा साठवा हेही त्याच दमात सांगितलं.

ट्रॅक्टर चालवणारा एक पोरगा आला होता. स्वप्नात तोंडात माती भरते आणि थुंकता येत नाही. त्याचे दात खर्र्यानं, तंबाखू-सुपारीनं लाल होते. मी म्हटलं, तीन बोटं उभी धरून तोंडात घाल. दोनच गेली. गालाच्या आत पांढरा चट्टा. मी गप्प बसले. मग म्हटलं, देव करो अन् हे माझं चुकीचं निघो. मग म्हटलं, हे कॅन्सरच्या वाटेवरचं आहे, खर्रा आजपासून बंद, आणि सोमवारी माझ्यासोबत दवाखान्यात. आला. काही महिने खर्रा बंदही ठेवला. नबुखद्नेस्सर राजालाही बारा महिने मिळाले होते, बारा महिन्यांनी तो महालाच्या गच्चीवर फिरत म्हणाला, हे मीच बांधलेलं थोर बाबेल ना? आणि बैलासारखं गवत खायला गेला. पोरगा मला मागच्या पोळ्याला चौकात दिसला, हातात पन्नी, पन्नीत खर्रा. त्यानं हात मागे नेला. पुन्हा सांगितलं. पुन्हा सांगेन.

किती सांगायचं हे ऐकणाऱ्याला ठरवू द्या. शिलोत लहानग्या शमुवेलाला रात्री कळलं की मंदिराच्या म्हाताऱ्या याजकाच्या, एलीच्या घराण्याचं वाईट होणार. पोर सकाळपर्यंत पडून राहिलं, उठून मंदिराची दारं उघडली, आणि सांगायला भ्यालं. एलीनं स्वतः बोलावलं, काही लपवू नकोस म्हणाला, तेव्हा सगळं सांगितलं. मीही विचारते, सगळं सांगू की आज एवढंच पुरे? आणि कोणी चारचौघांत तुम्हाला खोटं पाडलं तर भांडू नका. बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घेतलेलं लाकडी जू हनन्या नावाच्या संदेष्ट्यानं सगळ्यांदेखत मोडलं, दोन वर्षांत सगळं नीट होईल म्हणाला. यिर्मया म्हणाला होता, आमेन, तसंच होवो. जू मोडल्यावर तो आपल्या वाटेनं निघून गेला. उत्तर नंतर आलं, लोखंडी जू म्हणून.

एका प्रकारच्या स्वप्नात हे काहीही लावू नका. रोज विहीर दिसते, दोरी दिसते, फवारणीच्या औषधाचा वास येतो, किंवा मेलेला बाप "चाल" म्हणतो आणि जावंसं वाटतं. कर्ज, नापिकी, घरात अबोला असेल तर जास्तच. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटते का?" विचारल्यानं कोणाच्या डोक्यात ते शिरत नाही. हो म्हटलं तर माणसाला एकटं सोडू नका, औषधाचा डबा त्या घरातून उचला, आणि तिथल्या तिथे १४४१६ लावा. ही टेली मानसची फुकट लाइन आहे, मराठीतही बोलतात. मग दवाखान्यात घेऊन जा.

आता आचारी. त्याच्या बाबतीत करण्यासारखं काहीच नव्हतं. प्यालेबरदाराला चांगला अर्थ मिळालेला पाहून तो मोठ्या आशेनं पुढे आला होता. योसेफानं दोघांना तोच शब्दप्रयोग वापरला, फारो तुझं डोकं वर उचलेल, आणि आचाऱ्याला पुढे म्हणाला, धडावरून. तीन टोपल्या, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी फारोचा वाढदिवस होता आणि तसंच झालं. पण माझं मन मधल्या दिवसांत अडकतं. सांगून झाल्यावर योसेफ घरी गेला नाही. जाणार कुठे, तोही कैदी. ज्याला फाशी सांगितली त्याच्याच भिंतींच्या आत त्याला राहायचं होतं, त्याची सेवाही त्यालाच नेमलेली. त्या दिवसांबद्दल पुस्तकात एक ओळ नाही.

आमच्या गल्लीतला एक बुढा, साठ वर्षं खर्रा. नागपूरहून रिपोर्ट आला, आणि पोरांनी वाचायला माझ्याकडे आणला. पोरं म्हणाली, बुढ्याला सांगू नका. बुढा दुसऱ्या दिवशी स्वतः आला. स्वप्नात कापसाचं बोंड फुटत होतं आणि वारा सगळा कापूस उडवून नेत होता. मी विचारलं, हात काय करत होते. म्हणाला, "हात खिशात होते, बाई. मले मालूम होतं, धरता येत नाई." सगळं सांगू का विचारलं, तो म्हणाला, सांग. मी सांगितलं. उपाय काय ते नव्हतं सांगायला, दुखणं कमी करायची औषधं होती, तेवढी सांगितली.

त्यानंतर रोज संध्याकाळी त्याच्या ओसरीवर जाऊन बसायचं मी ठरवलं. पहिल्या दिवशी त्यानं तुरीच्या शेंगांचं सूप पुढे सरकवलं, आम्ही दाणे काढले, बोललो नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, तुह्या त्या पुस्तकात असं काही हाय का? मी त्याला आचाऱ्याची गोष्ट सांगितली, टोपल्या, पाखरं, सगळी. तिसऱ्या दिवशी मी पोचायच्या आधीच त्याचा प्रश्न तयार होता. "मंग ते दोघं मधात काय बोलले?"

मी म्हटलं, लिहिलेलं नाही.

बुढा शेंग फोडत राहिला. "लिवलं नसन. पन नुस्ते एकमेकाच्या तोंडाकडे पायत थोडी बसले असन? आचारी होता थो. त्यानं त्या पोराले पीठ मळाचं शिकवलं असन." आणि मुठीतले दाणे सुपात टाकून त्यानं दुसरी शेंग उचलली.